प फ ब भ म

वहिनीचे ओठ हलले नव्हते.

आधी हलत होते, चांगले ठळक हलत होते, आणि मग एका शब्दाला हलले नाहीत. एवढीच गोष्ट. पण गावाहून परत येताना दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत आणि यवतमाळपासून नागपूरपर्यंत एसटीच्या खिडकीशी बसून मी तेवढंच घोळवत होते. बाहेर पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती, मधल्या तासांत तूर उभी होती, वावराच्या धुऱ्यावर कुणीतरी पिवळा कागद डोक्यावर घेऊन पावसातून चाललं होतं. एरवी हे सगळं डोळ्यांत भरून घ्यायला मी गावी जाते. या वेळी माझं लक्षच नव्हतं. मी काचेतल्या माझ्याच तोंडाकडे पाहत होते.

तान्हा पोळा होऊन दोन दिवस झाले होते. दारांवरची आंब्याच्या पानांची तोरणं अजून पुरती सुकली नव्हती, आणि अंगणवाडीत निम्मी पोरं आपापले लाकडी बैल घेऊनच आली होती. वहिनी तिथं सेविका आहे. पाऊस लागून होता, घरी बसून काय करू म्हणून मी तिच्यामागं गेले आणि भिंतीशी सतरंजीवर बसले. वर टिनपत्रे, त्यामुळे पावसाचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणंही वाकून ऐकावं लागे. पोरांच्या गोंगाटात एकच पोरगी गप्प होती. चार वर्षांची असेल. तिचे मायबाप पेरणीपासून गावाबाहेरच्या एका वावरात कामाला राहिले होते, मूळचे तांड्यावरचे. वहिनी म्हणाली, दोन महिने झाले, येते, बसते, खाते, जाते, पण या लेकराचा आवाज आपण ऐकला नाही. मग तिनं पेटीतून एक मोजा काढला. माझ्या भाच्याचा शाळेतला राखाडी मोजा, त्याला शर्टाची दोन बटणं डोळे म्हणून लावलेली, एक मोठं, एक लहान, आणि आत लाल चिंधीची जीभ. मोजा हातात चढवून ती त्या पोरीसमोर बसली आणि मोजा बोलायला लागला, "काय व, रुसली का मायावर? भूक लागली काय?" वहिनीचे ओठ बिनधास्त हलत होते. लपवायचा तिनं जरासाही प्रयत्न केला नाही. पोरगी ढिम्म. मोजा आणखी काहीबाही बोलला, मध्येच थांबला, मान तिरपी केली आणि एकच शब्द म्हणाला. पावसात मला तो नीट ऐकू आला नाही. आला असता तरी मी त्या क्षणी शब्दाकडे नव्हतेच. माझी नजर वहिनीच्या तोंडावर होती, आणि तिथं काही हललंच नाही. पोरीनं डोळे वर केले आणि मोज्याला उत्तर दिलं. हळू, भराभरा, चार-पाच शब्द.

दोन महिन्यांनी एक लेकरू बोलत होतं, आणि मी त्या लेकराकडे पाहायचं सोडून वहिनीचे ओठ तपासत होते. ही सवय मला कुठून लागली ते मला नेमकं माहीत आहे, आणि तेच बोचत होतं.

आमच्या घरी टीव्ही आला तो १९८७ साली, संक्रांत उलटल्यावर, कापसाचे पैसे हातात आल्यावर. काळापांढरा, लाकडी खोक्यातला, सरकत्या दाराचा. गावातला तिसरा. छपरावर ॲन्टेना बसवायला दिवस गेला आणि तो फिरवायला पुढची सहा वर्षं. मोठे बाबा वर, आम्ही पोट्टे खाली, मधल्या दारात काकू, आणि निरोपांची साखळी: "आलं काय?" "आलं आलं! अं, गेलं!" "इकडे फिरवू?" "तिकडे, तिकडे, आता हात नोको लावू!" मुंग्यांमधून एखादा चेहरा वर यायचा तेव्हा पाण्यातून कुणी डोकं काढल्यासारखं वाटे. टीव्ही बैठकीत होता आणि बैठकीला लागून कापसाची खोली. भाव वाढेल म्हणून ठेवलेला, शेवटच्या वेच्याचा फरदड कापूस तिथं छातीएवढा रचलेला असे. मधलं दार काढून ठेवलेलं, म्हणून मोठी माणसं ओसरीत आणि बैठकीत बसत आणि आम्ही पोरं त्या ढिगावर. कापसाच्या ढिगावर बसून टीव्ही पाहण्याचं सुख कुणाला सांगता येत नाही. हळूहळू खाली खचत जायचं, पाय नाहीसे व्हायचे, मग कंबर. सरकीचा तो तेलकट, किंचित मातकट वास. पायाला चिकटलेली वाळकी पाती खाजवायची, पण हात बाहेर काढला की जमलेली ऊब जायची, म्हणून खाज तशीच सोसायची.

त्या ढिगावरून मी पहिल्यांदा अर्धवटराव पाहिला.

त्याच्याआधी सकाळची बालचित्रवाणी होती. पुण्यातून तयार होऊन यायची, शाळेसाठी म्हणून, आणि तिच्यात मधूनच हातमोज्याच्या बाहुल्या यायच्या, ससे, कावळे, डोळे मिचकावता न येणारी माकडं. ती आम्हांला आवडायची, पण शिकवायला आलेल्या पाहुण्यांसारखी वाटायची. १९८४ साली सुरू झालेली ती संस्था २०१७ साली बंद पडली, आणि ती बातमी वाचून मला एखादी दूरची आत्या गेल्यासारखं झालं, जिच्याकडे आपण कधी राहायला गेलो नाही पण जिचा खाऊ मात्र दर वेळी खाल्ला. अर्धवटराव पाहुणा नव्हता. तो भांडायचा. बाहुल्यांना बोलतं करणाऱ्या रामदास पाध्यांच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला आवडाबाई, आणि नवरा-बायकोचं ते जुंपलेलं ऐकून आमची सबंध ओसरी हसायची. विशेष म्हणजे बायका जास्त हसायच्या. आमच्या शेजारच्या काकू, ज्यांना त्यांच्या नवऱ्यासमोर मोठ्यानं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, त्या पदर तोंडात कोंबून गदगदा हलायच्या. रामदास पाध्यांच्या वडिलांनी, यशवंत पाध्यांनी, हा बाहुला इंग्रजांच्या काळातच लोकांसमोर आणला होता. आज त्यानं शंभरी ओलांडली आहे. हिशेब केला तर तो माझ्या आजीपेक्षाही वयानं मोठा. आजीला हे कळतं तर तिनं त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला असता. तशीही ती टीव्ही पाहताना पदर घेऊनच बसायची, कारण समोरून पुरुषमाणसं बोलत असत.

आजीला बोलणारी बाहुली नवी नव्हती. बाजाराच्या दिवशी कधीमधी राजस्थानकडचा एक माणूस खाट आडवी लावून कठपुतळ्यांचा खेळ करायचा. तोंडात बांबूची शिट्टी धरून तो बाहुल्यांना बोलवायचा, म्हणजे नुसतं ची ची ची, आणि ढोलकी घेऊन बसलेली बाई ते ऐकून आम्हांला सांगायची की राजा असं म्हणाला, आता नाचणारी असं म्हणाली. शब्द बाहुलीचे नव्हतेच, सगळे त्या बाईचे. तरी राजा रागावला की आम्ही मागं सरायचो. आणि आजीची स्वतःची तर भुलाबाई होती. भाद्रपदाच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी कोनाड्यात बसले की कोजागिरीपर्यंत महिनाभर आमच्या घरात दोन माणसं वाढायची. संध्याकाळी पोरी जमायच्या, गाणी व्हायची, मग डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा. खुळखुळ वाजला तर फुटाणे, दबका वाजला तर खोबऱ्याची वडी, काहीच वाजला नाही तर शिरा. गाण्यांमध्ये भुलाबाई सासरी जायची, रुसायची, बाळंत व्हायची, आणि गाणं संपून पोरी घरी गेल्यावर आजी कोनाड्यासमोर बसून तिच्याशी बोलायची. देवाशी बोलावं तसं नव्हे. "आज लय थकली असशीन व माय, किती नाचवलं पोट्ट्यायनं," असं. आणि मग बारीक आवाजात स्वतःच उत्तर द्यायची. कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसली की आजीचा चेहरा लेक दुसऱ्या दिवशी जाणार असल्यासारखा व्हायचा. भुलाबाईच्या गाण्यांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या रात्रीच्या बोलण्याबद्दल कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, आणि माझ्या दृष्टीनं खरा सण तोच होता.

आता ती संध्याकाळ. साल १९८८ असावं, थंडी होती, कारण आम्ही कापसात गळ्यापर्यंत होतो. मी नऊ वर्षांची, चौथीत, वर्गात पहिली, आणि पहिल्या येणाऱ्या पोरींना जे होतं ते मला झालेलं. आपल्याला समजलं की लगेच सगळ्यांना सांगायचं. अर्धवटराव काहीतरी म्हणाला, ओसरी हसली, आणि मला रामदास पाध्यांच्या गळ्यातली घाटी वर-खाली होताना दिसली. मी कापसातून उठून उभी राहिले आणि ओरडले, "तो माणूस बोलते! बाहुला नाई बोलत! त्याची घाटी पाहा, हलून रायली!" एक क्षण कुणी काही बोललं नाही. मग कुणीतरी म्हणालं, "खरंच बाप्पा." आणि पुढची दहा मिनिटं अख्खी ओसरी त्या माणसाचा गळा पाहत बसली. अर्धवटराव बोलत राहिला, आवडाबाई त्याला टाकून बोलत राहिली, आणि कुणी हसलं नाही. शेजारच्या काकूंचा पदर तोंडातून निघून खांद्यावर गेला होता. मला वाटलं होतं, मला शाबासकी मिळेल. मोठे बाबा म्हणालेसुद्धा, "हुशार हाय पोट्टी." पण मला ती ओसरी आजही आठवते. वीसेक माणसं, कंदील बाजूला, निळसर उजेडात सगळे चेहरे एकाच बाजूला वळलेले, बाहुल्याकडे कुणाचंच लक्ष नाही.

रात्री आजीच्या गोधडीत शिरले तेव्हा तिनं नेहमीसारखं माझ्या केसांतून कापसाच्या काड्या काढल्या आणि म्हणाली, "मले मायीत हाय तो माणूस बोलते. पण त्याले कायले सांगतलं व?"

"कोनाले? सगळ्यायले?"

"सगळ्यायचं सोड. त्याले. बाहुल्याले. त्यानं आयकलं ना."

मी म्हटलं, आजी, तो लाकडाचा आहे. तर ती म्हणाली, "अन भुलाबाई? ते मातीची हाय हे का मले मायीत नाई? म्याच तर आनते कुंभाराकडून, आठ आने देऊन." आणि कूस वळवून झोपली. ती रागावली नव्हती. तिनं मला फक्त सांगून ठेवलं, उंबऱ्यावर बसू नको म्हणून सांगावं तसं.

दुसऱ्या दिवसापासून मी आरशासमोर उभी राहायला लागले. मागे घेता येणार नाही असं काही आपण केलं आहे, तर निदान ते कसं होतं ते शिकून घ्यावं, असं काहीसं माझ्या डोक्यात असावं. आमच्या गुरुजींनी वर्णमाला शिकवताना तोंडात बोट घालून दाखवायला लावलं होतं, क ख ग घशात, त थ द दातांशी, आणि प फ ब भ म ओठांत. तेवढ्या एका ओळीनं माझा घात केला. ओठ किंचित उघडे ठेवून मी सगळं बोलू शकत होते, अगदी खडाखडा, पण प फ ब भ म आला की ओठ मिटायचेच. ते काम मग जिभेवर टाकावं लागतं. जीभ वर लावून 'ब' म्हणायला जावं तर 'द' होतो, 'म' म्हणायला जावं तर 'न'. म्हणजे बाबा म्हटलं की दादा. मामा म्हटलं की नाना. भाकर म्हटलं की धाकर. कित्येक दिवस मी घरातल्या माणसांची नाती बदलत आरशासमोर उभी होते. जे हे करून दाखवतात ते त्या 'द'मध्ये इतका 'ब' भरतात की आपला कान फसतो, आणि त्याला वर्षानुवर्षं लागतात, हे मला पुष्कळ नंतर समजलं. रामदास पाध्ये शिकले इंजिनिअरिंग, आणि आयुष्यभर या पाच अक्षरांशी झुंजत राहिले, याचं मला आज जे वाटतं त्याला आदर हा शब्द कमी पडतो.

कान फसतो त्याचं कारणही मला त्याच टीव्हीनं शिकवलं. आमच्या टीव्हीचा आवाज पडद्यातून येतच नव्हता. उजव्या हाताला, बटणांच्या खाली, उभ्या फटी होत्या, आवाज तिथून. तरी बातम्या देणाऱ्या बाई बोलायला लागल्या की आवाज त्यांच्या ओठांतून येतो असंच वाटे. आवाज नेमका कुठून आला हे कानाला तितकंसं कळत नाही, डोळ्यांना जिथं काही हलताना दिसतं तिथं मन तो आवाज नेऊन चिकटवतं. शब्दभ्रम म्हणतात तो हाच. म्हणजे रोज संध्याकाळी सातपासून रात्रीपर्यंत तो खोका आम्हांला बोलक्या बाहुल्यांचाच खेळ दाखवत होता, आणि मी पकडलं कुणाला, तर जो माणूस उघडपणे बाहुला मांडीवर घेऊन बसला होता त्याला. हे सुचलं तेव्हा मी बारावीत होते, आणि पळत जाऊन आजीला सांगावंसं वाटलं. आजी नव्हती.

पण तिच्या हयातीत एक गोष्ट घडली. माझा आरशाचा नाद पाहून तिनं एका दुपारी तिच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा घेतला, हिरवा, काठाचा, आणि बाहुली शिवली. कापसाच्या खोलीतून मूठमूठ कापूस आणून, बोटांनी सरकी काढत, ती भरत गेली. डोक्यात सरकी राहू द्यायची नाही म्हणाली, टोचते. काळ्या दोऱ्याचे डोळे, कुंकवाचा ठिपका. तोंड शिवलंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तोंड तुह्यं हाय ना." मग समोर बसून म्हणाली, बोलव तिले. मी ओठ किंचित उघडे ठेवून, श्वास आवरून, बाहुलीला म्हणायला लावलं, "माय." निघालं, "नाय." आजीनं गंभीरपणे विचारलं, "काय नाय?" मी परत, "नाय." "भाकर खात नाय? शाळेत जात नाय?" बाहुली जे काय बोलली ते नायच. तिचं नाव नायच पडलं, आणि आजीनं ते पुढं चालवलं. मी शाळेतून आले की सांगायची, आज नाय लय बोलली, मी ढोरायले पाणी दाखवून आली तं म्हणते नाय. ओठ हलवत, दातांच्या फटीतून, भुलाबाईला देत असे तसाच बारीक आवाज काढून. आणि मी, ओठ पाहण्यात पटाईत झालेली पोरगी, नायकडे पाहायची.

याच नायपायी मला आणखी एक शोध लागला, जो मी कुणाला सांगितला नव्हता. अर्धवटराव आई म्हणाला असता तर त्याला काहीच पडलं नसतं. आ आणि ई, ओठांचं कामच नाही. टीव्हीतली सगळी लेकरं आईच म्हणायची. सगळी 'मला' म्हणायची, 'काय करतोयस' म्हणायची. आमच्या घरी माय होती. मले होतं. पोट्टे, बाप्पा, बंडी, भाकर, पऱ्हाटी, कापूस, पानी, भेव. आमच्या रोजच्या जगण्यातलं जे जे म्हणून होतं ते सगळं त्या ओठांच्या ओळीत जाऊन बसलेलं. त्यांच्याकडचे 'मला', मुंबई, पुणेही ओठांतलेच, हे माझ्या ध्यानात आलं नाही. नऊ वर्षांच्या मला एवढंच वाटलं की म्हणून आमच्यासारखं बोलणारा बाहुला टीव्हीत येत नाही, त्याला लपताच येणार नाही, पहिल्याच शब्दाला पकडला जाईल. हा काही सिद्धांत नव्हे. पण शाळेत मी 'मले' सोडून 'मला' म्हणायला लागले ते त्याच वर्षी, आणि त्या दोन गोष्टींचा संबंध नसेल असं मला अजूनही म्हणवत नाही.

पुढं १९९३ साली 'झपाटलेला' आला. तालुक्याला जाऊन ज्यांनी पाहिला त्यांनी येऊन सांगितला, आणि गावातली लेकरं बाहुल्यांना भ्यायला लागली. माझ्या धाकट्या चुलत भावानं तर नायला धान्याच्या कोठीत टाकून वर झाकण लावलं. तो तात्या विंचूही पाध्यांच्याच हातचा, पापडाच्या जाहिरातीत हसणारा तो ससाही त्यांचाच. ज्या हातानं हसवलं त्याच हातानं भेव घातलं. नाय कोठीतून निघाली की नाही, मला आठवत नाही. मी तेव्हा चौदा वर्षांची, मला वेगळ्या गोष्टींची घाई होती. जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा कोठी गेली, कोनाडा गेला. कापसाची खोलीही राहिली नाही. आता कापूस वेचला की व्यापाऱ्याची गाडी वावराच्या तोंडाशीच येते.

नागपूरला पोचल्यावर रात्री मी वहिनीला फोन केला. सगळी खुशाली विचारून झाल्यावर विचारलं, वहिनी, त्या पोरीला मोजा काय म्हणाला?

"कोन्ती? ते होय. याडी म्हणलं."

याडी. बंजारा बोलीत माय. वहिनीच्या घराशेजारी पूर्वी एक बंजारा कुटुंब राहायचं, पोहरादेवीच्या जत्रेहून आले की हिच्यासाठी प्रसाद आणायचे, त्यांच्या लेकरांच्या तोंडून ऐकलेला एवढा एकच शब्द हिला पक्का येत होता. "आपलं बोलनं तिले समजत नसन त काय करन बिचारी," ती म्हणाली. मी विचारलं, पण तुझे ओठ कसे हलले नाहीत? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हसली. "ताई, मी काई ओठ दाबून नाई बसली होती. मले कायले लपवाचं हाय?"

फोन ठेवून मी बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिले. याडी. या-डी. जीभ टाळूला लागते, मागे वळते, संपलं. ओठांचं कामच नाही. मी दहा वेळा म्हटलं, वीस वेळा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, तरी आरशातल्या बाईचं तोंड जागचं हललं नाही. लहानपणी हा शब्द मला कुणी दिला असता तर बाहुली नाय म्हणाली नसती. तांडा आमच्या गावापासून दोन कोसांवर होता. त्यांच्या बायका आमच्या वावरात वेचणीला यायच्या, आरशांच्या काचा लावलेले घागरे चमकवत यायच्या, मी त्या आरशांमध्ये तोंड पाहायचे. त्या आपल्या लेकरांना काय हाका मारतात आणि लेकरं त्यांना काय म्हणतात, ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

मग मला त्या दुपारचं उरलेलं आठवलं, जे मी पाहिलं होतं पण बसमध्ये एकदाही मनात आलं नव्हतं.

पोरगी बोलली, वहिनीला त्यातलं अर्धंच समजलं, पण मोज्यानं मान हलवली. तेवढ्यात मदतनीस हरभऱ्याची उसळ घेऊन आली, ताटल्या मांडल्या गेल्या. पोरीनं ताटली मांडीजवळ ओढली, एक हरभरा चिमटीत उचलला, फुंकला, आणि मोज्याच्या तोंडात, लाल चिंधीच्या जिभेवर ठेवला. मोज्यानं तोंड मिटलं, चावलं. तिनं दुसरा ठेवला. हात थांबला तेव्हा ती नीट निरखून पाहत होती, मोज्याकडे, मग वर वहिनीच्या तोंडाकडे, पुन्हा मोज्याकडे. वहिनीच्या ओठांकडे तिनं सरळ पाहिलं, माझ्यासारखंच. आणि तिसरा हरभरा घेतला तो मोज्यासाठीच.

त्यानंतर तासभर वहिनीनं उजवी मूठ उघडली नाही. मोबाइलवर हजेरी भरायची होती ती तिनं डाव्या हाताच्या अंगठ्यानं, चुकत चुकत भरली. एका पोराची नाडी सुटली होती ती मदतनिसाकडून बांधून घेतली. पावसानं जरा उघडीप दिली तेव्हा पोरीची माय वावरातून आली, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. पोरगी निघाली, दारात थांबून मोज्याला हात केला, मोज्यानंही मान हलवली, तोंड न उघडता. दोघी निंबाच्या झाडापुढून वळून दिसेनाशा होईपर्यंत वहिनी दारात तशीच उभी होती. मग तिनं माझ्यासमोर मूठ सोडली. मोज्याच्या तोंडात सात हरभरे होते, चेंबलेले, कोमट. एका हरभऱ्यावर राखाडी लोकरीचा धागा चिकटला होता.